जर्मनीला जाण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी ऐन श्रावणात एक गृहस्थ आमच्या घरी आले. माझी थोरली बहीण जी.एन.एम.चा नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नोकरी करते, हे त्यांना कुठून तरी कळले होते. "मुलीला जर्मनीला पाठवा. महिन्याला अडीच लाख रुपये पगार. खर्च फक्त चार लाख, तोही दोन हप्त्यांत," असे म्हणून त्यांनी बारा पानांचा इंग्रजी करारनामा आबांच्या हातात ठेवला. आबांनी तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, "तू कॉलेजात जातेस ना? वाच आणि सांग, यात काय लिहिलंय."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शब्दकोश घेऊन दोन रात्री बसले, तेव्हा निम्मेअधिक समजले. जे समजले नाही ते शोधण्यात पुढचे दहा महिने गेले. आबा तोवर दीड एकराचा तुकडा गहाण टाकण्याच्या विचारात होते, त्यामुळे हा शोध नुसत्या हौसेचा नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाची टिपणे होत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असे गृहस्थ उद्या येतील, म्हणून ती येथे मांडत आहे.

देश आणि त्याची गरज

जर्मनी हे सोळा घटक राज्यांचे संघराज्य आहे. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राहून थोडेसेच मोठे आणि लोकसंख्या आठ कोटींहून काहीशी अधिक, म्हणजे महाराष्ट्राहून कमीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी तेथे आता निवृत्त होत आहे आणि तिच्या जागी येणारी तरुण पिढी संख्येने लहान आहे. रुग्णालये, वृद्धाश्रम, कारखाने, बांधकामे, सर्वत्र माणसांची वाण आहे. म्हणून त्या देशाने कुशल मनुष्यबळासाठी नवा कायदा केला. तो १ मार्च २०२० पासून अमलात आला व २०२३-२४ मध्ये आणखी सैल करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल कामगार पाठवण्याबाबत करार केला. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मुंबई आणि श्टुटगार्ट यांचे भगिनी-शहरांचे नाते १९६८ पासूनचे आहे.

मराठी माणसाला जर्मनी तशी नवी नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि तेथून डॉक्टरेट घेऊन परतल्या. पण त्या काळी असे जाणे मोजक्या सुशिक्षित घरांनाच शक्य होते. आज ही वाट आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत आली आहे. फरक एवढाच, की त्या घरांत कागद वाचणारी माणसे होती.

तीन दारे

जर्मनीला जायचे म्हणजे कोणत्या दाराने, हे आधी ठरवावे लागते. मुख्य दारे तीन.

पहिले दार विद्यापीठाचे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त दर सत्राची वर्गणी द्यावी लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतात. भारतीय विद्यार्थ्याला आपली प्रमाणपत्रे आधी ए.पी.एस. या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात. ही अट १ नोव्हेंबर २०२२ पासून आहे. केवळ बारावीच्या गुणांवर तेथे पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने राहता येते.

दुसरे दार 'आउसबिल्डुंग'चे, म्हणजे काम करीत शिकण्याचे. आठवड्यातील काही दिवस शाळेत, काही दिवस कामाच्या जागी, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. नर्सिंगचे असे शिक्षण तीन वर्षांचे असते. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही हे दार बंद नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्याकडे पदवीधराने हाताचे काम शिकणे म्हणजे पायरी उतरणे समजतात. तेथे सुतार, विजेचा कारागीर, बेकरीवाला, सर्वांना रीतसर परीक्षा आणि रीतसर मान आहे.

तिसरे दार आधीच शिकलेल्या कारागिराचे वा परिचारिकेचे, म्हणजे ताईचे. परंतु येथे एक अट आहे, जी त्या बारा पानांत आठव्या पानावर बारीक अक्षरांत होती. भारतातील प्रमाणपत्र तेथे आपोआप चालत नाही. ज्या राज्यात काम करायचे, त्या राज्याचे कार्यालय आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते आणि कोठे काय कमी आहे याचा लेखी निर्णय देते. ती उणीव पुरवणी-प्रशिक्षण घेऊन किंवा एक ज्ञान-परीक्षा देऊन भरून काढायची. तोपर्यंत परिचारिका म्हणून नव्हे, तर मदतनीस म्हणून काम करायचे, आणि पगारही मदतनिसाचाच. त्या गृहस्थांनी सांगितलेला आकडा अर्थातच शेवटच्या पायरीवरचा होता.

भाषा

माझ्या मते सर्वांत मोठा खर्च भाषेचा आहे, आणि तो पैशांचा नसून वेळेचा आहे. भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. परिचारिकेला बहुतेक राज्यांत बी-२, म्हणजे चौथी पायरी लागते. शून्यापासून तेथवर पोहोचायला साधारण सहाशे ते आठशे तासिका लागतात. पुणे आणि मुंबई येथील गटे-इन्स्टिट्यूट, म्हणजेच आपल्याकडचे मॅक्स म्युलर भवन, तेथे शिकवणी व परीक्षा दोन्ही होतात. (ज्या मॅक्स म्युलर यांचे नाव त्या वास्तूला आहे, ते स्वतः भारतात कधीच आले नव्हते, हे वाचून मला गंमत वाटली.) बी-२ परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण हवेत आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो.

ताई रात्रपाळी करून शिकत होती. तिच्याबरोबर मीही थोडेसे शिकले, तेव्हा एक नवल लक्षात आले. ही भाषा इंग्रजीवरून शिकू गेल्यास अवघड जाते आणि मराठीवरून शिकू गेल्यास पुष्कळ सोपी होते. आपण 'एकवीस' म्हणताना आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मन माणूसही 'एक-आणि-वीस' असेच म्हणतो. आपल्यासारखीच तेथे तीन लिंगे आहेत. चमचा त्यांच्याकडेही पुल्लिंगी. काटा मात्र स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मुलगी हा शब्द तेथे नपुंसकलिंगी आहे, याचे वर्गातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हसू आले. ताईला आले नाही, कारण आपण 'ते पोर', 'ते लेकरू' म्हणतोच. "मी येत नाही, कारण मी आजारी आहे" यातील 'कारण'नंतरचे शब्द जर्मनमध्ये नेमके मराठीच्याच क्रमाने येतात, क्रियापद अगदी शेवटी. 'तू' आणि 'आपण' हा भेदही आहे. अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला आणि रुग्णाला 'झी' म्हणजे 'आपण'च म्हणायचे. मराठी माध्यमात शिकल्याची खंत बाळगणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

अर्थात पुस्तकातील भाषा आणि खाटेवरच्या ऐंशी वर्षांच्या आजीची भाषा एक नसते. प्रांतोप्रांती बोली वेगळी. सोलापूरच्या माणसाला मालवणी ऐकताना जे होते, तेच तेथे होणार, हे धरून चालावे.

पैशाचा हिशेब

विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला एका बंद खात्यात वर्षभराचा निर्वाहखर्च आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. युरोचा भाव शंभर रुपये धरला, तरी हे अकरा लाख नव्वद हजार होतात. ही काही फी नव्हे. पैसे आपलेच असतात आणि दरमहा हप्त्याने परत मिळतात. पण ते आधी उभे तर करावे लागतात! रक्कम वेळोवेळी वाढते, म्हणून अर्ज करतेवेळचा आकडा पाहावा.

नोकरीने जाणाऱ्याने 'ब्रुटो' आणि 'नेटो' हे दोन शब्द पाठच करावेत. पहिला म्हणजे करारातील पगार, दुसरा म्हणजे हाती पडणारा. मध्ये आयकर, निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि वृद्धापकाळातील शुश्रूषा यांचे विमे कापले जातात. अविवाहित माणसाच्या हाती साधारण दोनतृतीयांश उरतात. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचे अडीच लाख हे कापण्यापूर्वीचे होते. त्यातून घरभाडे, जेवण व प्रवास वजा केल्यावर जे उरेल, त्यातून कर्ज फेडायचे. मी हा हिशेब पाटीवर मांडून आबांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरभाड्याचेही दोन प्रकार आहेत. 'थंड भाडे' म्हणजे नुसत्या जागेचे, आणि 'उबदार भाडे' म्हणजे त्यात खोली तापवण्याचा व पाण्याचा खर्च मिळवून. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. जागा न पाहता, किल्ली हाती न येता कोणालाही पैसे पाठवू नयेत. याशिवाय आकाशवाणी-दूरदर्शनची वर्गणी प्रत्येक घराला द्यावी लागते, घरात संच असो वा नसो. २०२१ मध्ये ती महिन्याला १८.३६ युरो ठरली. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण ते पत्र फेकून देतात आणि पुढे साठलेली रक्कम एकदम भरतात.

पहिले पंधरा दिवस

तेथे पोहोचल्यावर राहत्या जागेची नगर-कार्यालयात नोंद करायची, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. मुदत दोन आठवड्यांची. घरमालकाचे सहीचे पत्र सोबत लागते. ही नोंद झाली की कराचा क्रमांक टपालाने येतो आणि बँकेची व पगाराची पुढील कामे सुरळीत होतात. म्हणून नोंदीसाठी पत्र न देणारी स्वस्त खोली ही शेवटी महागच पडते.

टपालाबद्दल एक बारीक गोष्ट. तेथे इमारतीतील घरांना बहुधा क्रमांक नसतात, पत्रपेटीवरील आडनाव पाहून पोस्टमन पत्र टाकतो. पेटीवर नाव लावले नाही, तर पत्र परत जाते. आणि त्या देशात सगळे महत्त्वाचे काम अजून कागदी पत्राने चालते! आलेले प्रत्येक पत्र उघडावे, न समजल्यास कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

आरोग्यविमा सक्तीचा आहे. रुग्णवाहिका व अग्निशामक दलासाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार करावा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. कचरा कागद, काच, वेष्टने आणि ओला असा वेगवेगळा टाकायचा. पाण्याच्या बाटलीवर बहुधा २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की पैसे परत. यात अवघड काही नाही. पण हे नियम शेजारी मनापासून पाळतात, आणि आपल्याबद्दलचे पहिले मत ते यावरूनच बनवतात.

हिवाळ्याची तयारी केवळ कपड्यांची नसते. डिसेंबरमध्ये बर्लिनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपली व त्यांची घड्याळे उन्हाळ्यात साडेतीन तासांनी आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी वेगळी असतात. ताई पाळी संपवून संध्याकाळी सातला खोलीवर येईल, तेव्हा आमच्याकडे साडेअकरा झालेले असतील आणि आईला झोप लागलेली असेल. हा हिशेब आईनेच मला विचारून घेतला.

कामाचे स्वरूप

आपल्याकडे रुग्णाजवळ नातेवाईक असतात. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे बहुधा तेच करतात. परिचारिका इंजेक्शन, सलाईन, औषधे आणि नोंदी पाहते. जर्मनीत नातेवाईक भेटीला येतात, शुश्रूषेला राहत नाहीत. ही सर्व कामे परिचारिकेची असतात आणि ती तिच्या विद्येचाच भाग मानली जातात. इंजेक्शन देण्यासारखी काही कामे तेथे बरेचदा डॉक्टर करतात. त्यामुळे येथून गेलेल्या परिचारिकेला आपण शिकलो एक आणि करतो दुसरेच, असे वाटू लागते. हे आधी माहीत असलेले बरे. ताईला मी हे भीत भीत सांगितले. ती म्हणाली, "अगं, आजीचं सगळं मीच केलं की. तिथं त्याचा पगार मिळेल."

मध्यस्थ आणि करार

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या मध्यस्थाची आपल्या केंद्र सरकारकडे नोंदणी असावी लागते. हा कायदा १९८३ चा. नोंदणी-क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी व्यवस्थेत कोणालाही तपासता येतो. नियमांप्रमाणे असा मध्यस्थ उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेऊ शकतो. चार लाख आणि तीस हजार यांतील अंतर वाचकांनीच मोजावे. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना मी नोंदणी-क्रमांक विचारला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही अजून लहान आहात." ते पुन्हा आले नाहीत.

परिचारिकांच्या भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व जर्मनीत मान्य आहे आणि ते पाळणाऱ्या संस्थांना तेथील आरोग्य मंत्रालयाच्या वतीने एक अधिकृत चिन्ह दिले जाते. केरळ सरकारच्या नॉर्का या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन रोजगार-संस्थेशी याच तत्त्वावर परिचारिकांसाठी करार केला. सरकारी योजनेची सद्यःस्थिती सरकारी कार्यालयातच विचारावी, चहाच्या टपरीवर नव्हे.

करारात तीन गोष्टी मुद्दाम शोधाव्यात : अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास किती पैसे भरावे लागतील, मान्यता मिळेपर्यंत पगार किती, आणि भाषेच्या परीक्षेत नापास झाल्यास भरलेल्या पैशांचे काय. आमच्या बारा पानांत पहिल्याचे उत्तर छातीत धडकी भरवणारे होते, दुसऱ्याचे संदिग्ध होते आणि तिसऱ्याचे नव्हतेच. मूळ प्रमाणपत्रे आणि पारपत्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नये. जर्मन सरकारचे 'मेक इट इन जर्मनी' हे माहितीस्थळ इंग्रजीत आहे आणि फुकट आहे. चार लाखांत जे विकले जात होते, त्यातील बराचसा भाग तेथे उघड लिहिलेला आहे.

समारोप

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग जाऊच नये काय? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. जावे, जरूर जावे. परक्या देशात जायला धाडस लागते असे आपण म्हणतो. परंतु धाडस आमच्या घरात कधीच कमी नव्हते, जमीन गहाण टाकायला निघालेल्या माणसाला धाडस शिकवायला नको. कमी होती ती माहिती. ती नव्हती म्हणून चार लाखांची गोष्ट आली, आणि ती मिळवायला शेवटी लागले काय, तर एक शब्दकोश, आपल्या कॉलेज-ग्रंथालयातला संगणक आणि दहा महिने.

ताईची बी-२ परीक्षा गेल्या महिन्यात झाली. वाचन, लेखन आणि संभाषण हे तीन भाग ती उत्तीर्ण झाली, श्रवणात चोपन्न गुण पडले. सहा गुणांनी राहिली. निकाल पाहून ती एक दिवस कोणाशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी कानाला यंत्र लावून पुन्हा जर्मन बातम्या ऐकू लागली. पुढली परीक्षा दोन महिन्यांनी आहे. फीचे पैसे तिने आपल्या पगारातून बाजूला काढले आहेत. ती जाईल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. दीड एकराच्या त्या तुकड्याचा सातबारा मात्र अजून आबांच्याच नावावर कोरा आहे, आणि यंदा त्यात तूर पेरली आहे.